विश्लेषण : वस्तीला लागून पेट्रोल पंप, ५० मीटरचा नियम कोल्हापुरात कसा मोजायचा?

मोकळ्या प्लॉटभोवती पत्रे लागतात, जेसीबी येतो आणि मग गल्लीत चर्चा सुरू होते. इथे पेट्रोल पंप होणार, शेजारी चोवीस तास उघडे राहणारे दुकानही होणार. दोन दिवसांत निवेदन तयार होते, सह्या गोळा होतात, शिष्टमंडळ जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. तिथे कळते की ना हरकत दाखला केव्हाच निघाला आहे. जागामालकाने तोवर कर्ज काढलेले असते आणि तेल कंपनीने पैसे गुंतवलेले असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना माघार घेणे अवघड होते.

कोल्हापूर शहरात आणि भोवतालच्या वाढत्या उपनगरांत हा वाद पुन्हा पुन्हा होऊ शकतो, कारण मोक्याच्या रस्त्याकडेच्या जागा आणि घरे यांच्यातले अंतर झपाट्याने कमी होत आहे. पंप हवाच आहे आणि घराशेजारी तो नको, या दोन्ही भावना खऱ्या आहेत. त्यांच्यातला निवाडा आरडाओरड्याने होत नाही, टेपने मोजून होतो. नियम काय आहेत, अंतर कुठून मोजायचे, कोणती हरकत टिकते आणि कोणती टिकत नाही, हे प्रत्येक रहिवाशाला माहीत असले पाहिजे.

हा प्रश्न आताच का तीव्र झाला?

सरकारी तेल कंपन्यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये देशभरात पन्नास हजारांहून अधिक नव्या पंपांसाठी एकाच वेळी जाहिरात काढली. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये केंद्र सरकारने इंधन विक्रीचे धोरण सैल केले आणि २५० कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता असलेल्या, तेल क्षेत्राबाहेरच्या कंपन्यांनाही या धंद्याची दारे उघडली. २०२३ मध्ये आणखी एक मोठी जाहिरात निघाली. त्यातून देशातल्या पंपांची संख्या आता एक लाखाच्या घरात पोहोचली आहे.

कोल्हापुरात याला स्थानिक कारणाची जोड आहे. १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही, मात्र शहर कधीच हद्दीबाहेर गेले आहे. उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी या गावांत अपार्टमेंट उभी राहिली आणि कालपर्यंत उसाच्या फडातून जाणारे रस्ते आज शाळेच्या बस, दुधाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेले असतात. हद्दवाढीला पर्याय म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. परिणामी एकाच रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत व प्राधिकरण, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. पंपाला परवानगी कोणाची, हा प्रश्न इथूनच गोंधळाचा होतो.

परवानगी नेमकी कोण देते?

एकच कार्यालय सगळे ठरवत नाही. क्रम साधारण असा असतो. तेल कंपनी अर्जदाराची निवड करून त्याला इरादापत्र देते. त्यानंतर पेट्रोलियम नियम, २००२ मधील नियम १४४ नुसार जिल्हा प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे, जागेच्या नकाशासह ना हरकत दाखल्यासाठी अर्ज होतो. जिल्हाधिकारी कार्यालय पोलिस, महसूल, बांधकाम, नगररचना, स्थानिक संस्था अशा विभागांचे अभिप्राय मागवते. अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत दाखला द्यावा किंवा नाकारावा, असे नियम सांगतो.

इंधन साठवण्याचा परवाना देते ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. केंद्र सरकारच्या या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. टाक्या, नळ्या, वितरण यंत्रे, विजेची उपकरणे आणि त्यांच्यातली आतली अंतरे पेसो तपासते. बांधकामाची परवानगी महापालिका किंवा प्राधिकरण देते आणि त्यासाठी डिसेंबर २०२० पासून लागू असलेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली पाहिली जाते. राष्ट्रीय किंवा राज्य महामार्गाला पंपाचा रस्ता जोडायचा असेल तर त्या रस्त्याच्या यंत्रणेची वेगळी मंजुरी लागते. सीएनजी असेल तर गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात.

या साखळीत रहिवाशांसाठी सर्वांत महत्त्वाची कडी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला. पेसो तांत्रिक बाजू बघते. आजूबाजूची वस्ती, शाळा, रस्ता, लोकांची सोय-गैरसोय यांचा विचार दाखल्याच्या टप्प्यावर व्हायचा असतो. नेमका हाच टप्पा शेजाऱ्यांच्या नजरेआड पार पडतो.

ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे परवानगी, असा समज गावांत आहे. तो चुकीचा आहे. ठराव हा अनेक अभिप्रायांपैकी एक असतो. पंपाच्या बाजूने ठराव झाला म्हणून अंतराचा नियम शिथिल होत नाही आणि विरोधात झाला म्हणून अर्ज आपोआप रद्दही होत नाही.

५० मीटर की ३० मीटर?

वादाच्या केंद्रस्थानी असलेला नियम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे. राष्ट्रीय हरित लवादापुढील प्रकरणानंतर मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा :

• शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि स्थानिक कायद्यानुसार निवासी ठरवलेले क्षेत्र यांपासून ५० मीटरच्या आत नवा पंप नको.

• ५० मीटर अंतर ठेवणे शक्य नसेल, तर पेसोने सांगितलेल्या जादा सुरक्षा उपाययोजना कराव्या लागतील.

• कोणत्याही परिस्थितीत हे अंतर ३० मीटरपेक्षा कमी असता कामा नये.

• पंपाच्या जागेवरून उच्च दाबाची वीजवाहिनी जाता कामा नये.

यावरून दोन गैरसमज दूर होतात. पहिला, ५० मीटरच्या आत पंप म्हणजे बेकायदा पंप, असे सरसकट म्हणता येत नाही. ३० ते ५० मीटरच्या पट्ट्यात जादा उपाययोजनांसह परवानगी मिळू शकते. दुसरा, जागामालक सांगतो तसे ‘पेसोने पास केले की झाले’ हेही खरे नाही. पेसोची आतली अंतरे काही मीटरांची असतात आणि ती पंपाच्या आवारातल्या सुरक्षेसाठी आहेत. मंडळाचे अंतर भोवतालच्या माणसांसाठी आहे. एक पाळले म्हणून दुसरे माफ होत नाही.

हा नियम नव्या पंपांसाठी आहे. त्यामुळे ‘अमक्या चौकात तर भिंतीला लागून पंप आहे’ हा युक्तिवाद कोणत्याच बाजूने उपयोगाचा नाही. शहरातून जाणाऱ्या जुन्या पुणे-बेंगळुरू रस्त्यावरचे अनेक पंप सुरू झाले तेव्हा भोवती मोकळी जमीन होती आणि शहर नंतर त्यांना येऊन भिडले. तिथे वस्ती पंपाकडे आली. आजच्या वादांत पंप वस्तीकडे येत आहे.

अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचे?

निम्मी भांडणे इथे होतात. मोजणी पंपाच्या कुंपणापासून होत नाही. टँकरमधून इंधन उतरवण्याचा बिंदू, वितरण यंत्र आणि टाकीची वाफ बाहेर सोडणारी उभी नळी, या तिन्हींपैकी जे सर्वांत जवळ असेल तिथून अंतर धरले जाते. दुकान, कार्यालय, स्वच्छतागृह यांच्या भिंतीपासून मोजून उपयोग नाही.

दुसरे टोक अधिक किचकट आहे. सूचनांत ‘घर’ असा शब्द नसून ‘स्थानिक कायद्यानुसार निर्देशित निवासी क्षेत्र’ असा आहे. विकास आराखड्यात जो भाग निवासी विभागात आहे, तिथे रहिवाशांची बाजू भक्कम असते. शेतात बांधलेले एकटे घर असेल तर ती तशी राहत नाही. खाली दुकाने आणि वर कुटुंबे, अशी कोल्हापूरची नेहमीची इमारत व्यापारी पट्ट्यात असेल तर वाद होणारच. म्हणून निवेदनावर सह्या घेण्याआधी नगररचना विभागाकडून त्या गट क्रमांकाचा किंवा सिटी सर्व्हे क्रमांकाचा झोन दाखला काढणे, ही पहिली पायरी आहे.

आता आपल्याला कळणाऱ्या मापात हिशेब करू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. वीस गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट धरला तर क्षेत्र साधारण २,०२० चौरस मीटर आणि प्रत्येक बाजू जेमतेम ४५ मीटर. वितरण यंत्र अगदी मधोमध बसवले तरी कोणत्याही हद्दीपासूनचे अंतर साडेबावीस मीटर भरते. म्हणजे डाव्या, उजव्या आणि मागच्या हद्दीला निवासी क्षेत्र लागून असेल, तर वीस गुंठ्यांत ३० मीटरची किमान अटही पुरी होत नाही. दोन्ही बाजूंना ३० मीटर सोडायचे तर प्लॉटची रुंदी ६० मीटरपेक्षा जास्त हवी आणि ५० मीटर सोडायचे तर १०० मीटरपेक्षा जास्त.

भरवस्तीत इतका प्लॉट विरळाच. त्यामुळे नकाशावर अंतर पुरे होते तेव्हा ते बहुधा समोरच्या रुंद रस्त्याच्या किंवा शेजारच्या रिकाम्या जमिनीच्या भरवशावर होते. ती रिकामी जमीन निवासी विभागात आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आज तिथे घर नाही म्हणून उद्या होणार नाही, असे नसते.

धोका खरा आहे की निव्वळ भीती?

पंपाचा स्फोट होईल, ही भीती सर्वांत मोठ्याने बोलली जाते. नियम पाळणाऱ्या पंपावर इंधन जमिनीखालच्या टाक्यांत असते आणि वितरणाच्या भागात स्फोटरोधक विद्युत उपकरणे असतात. रोजच्या व्यवहारात मोठी दुर्घटना होण्याची शक्यता कमी असते. मात्र पेट्रोल हे ‘अ’ वर्गातले, म्हणजे २३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकणारी वाफ सोडणारे इंधन आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, गटारीत आणि खोलगट जागेत साचते. टँकर खाली होत असताना शेजारच्या घरात पेटलेली शेगडी किंवा रस्त्यावरची चहाची गाडी किती लांब आहे, याला म्हणूनच अर्थ आहे.

कमी बोलला जाणारा धोका संथ आहे. पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीनचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत मर्यादित केले आहे आणि भारताच्या हवा गुणवत्ता मानकांत त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. पंपावर दोन मिनिटे थांबणाऱ्या ग्राहकाला याची फारशी चिंता नको. दिवसभर नोझल धरून उभा राहणारा कामगार आणि वर्षानुवर्षे शेजारी राहणारे कुटुंब यांचा हिशेब वेगळा आहे.

यावर उपाय उपलब्ध आहे. टँकर खाली करताना निघणारी वाफ पुन्हा टँकरमध्ये घेणारी आणि गाडीत इंधन भरताना निघणारी वाफ टाकीत परत ओढणारी वाफ पुनर्प्राप्ती यंत्रणा बसवता येते. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरात महिन्याला ३०० किलोलिटर पेट्रोल विक्रीची क्षमता असलेल्या नव्या पंपाला ती बंधनकारक आहे. २०११ च्या जनगणनेतच कोल्हापूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे शहराची अट पुरी होते, प्रश्न विक्रीक्षमतेचा राहतो. कागदावर कमी विक्री दाखवून यंत्रणा टाळता येऊ नये, यासाठी वस्तीजवळच्या प्रत्येक पंपाला ती लावण्याची अट दाखल्यातच घालता येईल.

कोल्हापूरचा खास प्रश्न : पुराचे पाणी

बाकी शहरांत पंपाची चर्चा आगीपाशी थांबते. कोल्हापुरात ती पाण्यापर्यंत न्यावी लागते. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग, दुधाळी, सुतारवाडा येथे पाणी शिरले.

जमिनीखालची टाकी पूर्ण भरलेली नसेल तर पाण्याच्या दाबाने ती वर उचलली जाऊ शकते आणि जोडलेल्या नळ्या तुटू शकतात. झाकणातून पाणी आत गेले तर प्रश्न आणखी वाढतो, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. असे इंधन गाडीत गेले तर ग्राहकाचे नुकसान होते आणि टाकीतून बाहेर झिरपले तर आजूबाजूच्या विहिरी व कूपनलिका बिघडतात. ज्या जिल्ह्यातले साखर कारखाने हे इथेनॉल बनवतात, तिथल्या यंत्रणेला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

म्हणून पंपाच्या प्रत्येक अर्जासोबत जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या संदर्भात कुठे आहे, २०१९ आणि २०२१ मध्ये तिथे किती पाणी होते आणि टाक्या उचलल्या जाऊ नयेत म्हणून काय केले आहे, याचे लेखी उत्तर असले पाहिजे.

पुराची दुसरी बाजूही विसरता येत नाही. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याने शहराचा इंधनपुरवठा तुटला आणि शिल्लक इंधन अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावे लागले. रुग्णवाहिका आणि बचाव पथकांच्या बोटी इंधनावरच चालत होत्या. उंचावरच्या, पुरात पोहोचता येईल अशा ठिकाणी पंप असणे ही शहराची गरज आहे. तेव्हा ‘शहरात नवा पंप नकोच’ ही भूमिका कोल्हापूरला परवडणारी नाही.

रोजचा त्रास : रांग, वळण, टँकर

स्फोटाची शक्यता कमी असली तरी वाहतुकीचा त्रास जवळपास निश्चित असतो. पंपावर येणारी गाडी वेग कमी करते, वळते, पुन्हा रस्त्यावर येते. दुभाजक नसेल तर समोरच्या बाजूने येणारा दुचाकीस्वार रस्ता आडवा कापतो, दुभाजक असेल तर उलट दिशेने येतो. शाळा सुटण्याच्या वेळी याच तोंडावर व्हॅन आणि पालकांच्या दुचाकी असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पंपाची जागा चौकापासून किती लांब असावी, आत-बाहेर जाण्याचे मार्ग कसे असावेत, वळणावर दृश्यता किती असावी, याचे तपशील आहेत. पोलिसांचा अभिप्राय ‘हरकत नाही’ अशा दोन शब्दांत आला असेल तर या कसोट्या लावल्या का, हे विचारता येते.

रांगेचा हिशेब नेहमीच्या दिवशी करून चालत नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या संपामुळे राज्यभर पंपांवर रांगा लागल्या आणि त्या थेट रस्त्यावर आल्या. तशा दिवशी रांग पंपाच्या आवारात मावेल की शेजारच्या सोसायटीचे फाटक अडवेल, ही खरी परीक्षा.

आणि चोवीस तासांचे दुकान?

तेल कंपन्यांना आता केवळ इंधनावर थांबायचे नाही. पंपावर किराणा, खाऊ, चहा-कॉफी विकणारी दुकाने हा त्यांच्या धंद्याचा भाग झाला आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार अशी दुकाने रात्रभर उघडी ठेवता येतात. कर्मचाऱ्यांना साप्ताहिक सुटी द्यावी लागते, पण वेळेचे बंधन नाही. त्यामुळे ‘दुकान रात्री दहाला बंद करा’ ही मागणी कायद्याच्या आधाराने करता येत नाही.

आवाजाची मागणी मात्र करता येते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे. दुकानापुढचे टोळके, गाड्यांचे हॉर्न आणि स्पीकर यांना ही मर्यादा लागू पडते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, हा २००३ चा कायदा पंपावरच्या दुकानालाही लागू आहे. मंजूर नकाशात नसलेले दुकान नंतर जोडायचे असेल तर पेसोची पूर्वमंजुरी लागते. आधी पंप सुरू करून वर्षभराने कोपऱ्यात वडापावची कढई पेटवणे म्हणजे परवान्याच्या अटी धाब्यावर बसवणे आहे.

आराखड्यातली एक अडचणही लक्षात घ्यावी. अंतर वाढवण्यासाठी यंत्रे आणि वाफेची नळी रस्त्याकडे सरकवली जातात. त्याबरोबर दुकान, जनरेटर आणि गाड्यांचा तळ मागे, घरांच्या बाजूला जातो. वाफ लांब गेली आणि गोंगाट जवळ आला, असा हा व्यवहार आहे. उंच भिंत, झाडांचा पट्टा, जनरेटरची जागा आणि दिव्यांची दिशा हे सारे कागदावर ठरवून घेणे त्यामुळे आवश्यक असते.

गल्लीतल्या किराणा दुकानदाराची चिंताही समजण्यासारखी आहे. महिनाअखेरीला वहीवर मांडून सामान देणारा तोच असतो. पण धंद्यातली स्पर्धा हे दाखला नाकारण्याचे कारण ठरत नाही. निवेदनात तो मुद्दा पहिला आला तर बाकीचे भक्कम मुद्देही कमजोर होतात.

दाद कुठे मागायची?

पहिला टप्पा माहितीचा. माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडून अर्ज, जागेचा नकाशा आणि सर्व विभागांचे अभिप्राय मागवता येतात. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. सरकारी तेल कंपन्याही या कायद्याखाली येतात.

दुसरा टप्पा लेखी हरकतीचा. तीत झोन दाखला, शाळेच्या मान्यतेची किंवा रुग्णालयाच्या नोंदणीची प्रत, अंतर दाखवणारा मोजणी नकाशा आणि पूररेषेचा उल्लेख असावा. शिकवणी वर्ग, मंगल कार्यालय, तालीम किंवा मंदिर यांचा ५० मीटरच्या यादीत समावेश नाही. त्यांच्यामुळे होणारी गर्दी वाहतुकीच्या मुद्द्यात मांडावी.

तिसरा टप्पा न्यायालयाचा. हवा, पाणी आणि पर्यावरण कायद्यांचा भंग असेल तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील खंडपीठाकडे जाता येते. तिथे वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत महत्त्वाची असते. पेट्रोलियम नियम किंवा नगररचनेचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

प्रशासनाने काय करायला हवे?

घाटकोपरच्या घटनेतून धडा घेतला तर उत्तर सापडते. १३ मे २०२४ रोजी वादळात छेडानगरमधला अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. पंपावर इंधन भरायला किंवा पावसापासून आडोशाला थांबलेली साधी माणसे होती. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, फलकाला महापालिकेची परवानगी नाही आणि त्याखाली रोज शेकडो गाड्या. दुर्घटनेनंतर प्रत्येक यंत्रणा दुसरीकडे बोट दाखवत राहिली. तिथे इंधनाने पेट घेतला नव्हता. एका जागेवर अनेक परवानग्या आणि संपूर्ण जागेची जबाबदारी कोणाचीच नाही, या व्यवस्थेने ते बळी घेतले.

कोल्हापुरात ही व्यवस्था बदलण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नियम १४४ खाली शेजाऱ्यांची सुनावणी घेण्याची सक्ती नाही, पण त्याला मनाईही नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या अधिकारात तीन गोष्टी सुरू कराव्यात.

एक, पंपाचा प्रत्येक अर्ज आला त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि प्रत्यक्ष जागेवर मोठ्या फलकाने जाहीर व्हावा. फलकावर गट क्रमांक, तेल कंपनी, प्रस्तावित दुकान आणि हरकतींची अंतिम तारीख असावी.

दोन, भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करून शाळा, रुग्णालय आणि निवासी क्षेत्रापर्यंतची अंतरे दाखवणारा एकच नकाशा सर्व विभागांना जावा. प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने अभिप्राय देणे थांबावे.

तीन, दाखला दिला किंवा नाकारला, त्याची कारणे लेखी आणि जाहीर असावीत. तीन महिन्यांच्या मुदतीत हे सारे बसते.

महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून प्रशासक होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर प्रभागांना पुन्हा नगरसेवक मिळाले आहेत. पंपाच्या विरोधात पुढे उभे राहून फोटो काढण्यापेक्षा आपल्या प्रभागातला प्रत्येक अर्ज वेळेत रहिवाशांपर्यंत पोहोचवणे, हे काम त्यांना शोभणारे आहे.

याचा फायदा केवळ शेजाऱ्यांना होणार नाही. वडिलोपार्जित जमिनीवर कर्ज काढून पंप उभा करणारा तरुणही याच शहरातला असतो. काम निम्मे झाल्यावर स्थगिती आली तर त्याचे घर बुडते. अंतर भरत नसेल तर ते त्याला पहिला खड्डा खणण्याआधी कळले पाहिजे आणि भरत असेल तर शेजाऱ्यांनीही ते मान्य केले पाहिजे.

टोलच्या लढ्यात या शहराने रस्ते प्रकल्पाचा करार ओळ न् ओळ वाचून काढला होता आणि अखेर टोल रद्द करायला लावला. ज्यांनी तो करार वाचला त्यांना ३० आणि ५० मीटरचा हिशेब अवघड नाही. मात्र वाचायला कागद हातात हवा आणि तो पत्रे लागण्याआधी हवा. तो देण्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालयाचे आहे.